तीन थाऊ

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा विंडो उघडून बंद केली. म्हटलं जाऊ दे, एका रायफलच्या चेंबरचं कोणाला काय पडलंय. पण आज ऑफिसात एकीने विचारलं, "वीकेंड कसा गेला?" आणि मी "फाइन" म्हणालो. तेव्हापासून डोकं फिरलंय. फाइन! घंटा फाइन.

म्हणून लिहितोय. जसं झालं तसं.

मी परीक्षित. मूळचा नागपूरचा, आता हॅरोला एका खोलीत राहतो. बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. रायफलबद्दल मला जे येतं ते कोणी शिकवलेलं नाही. फोरम वाचले, फोरमवरची भांडणं वाचली, ईबेवरून एक सेकंडहँड मायक्रोमीटर घेतला आणि हाताला येईल ते मोजत सुटलो. लँडलॉर्डच्या चमच्यांची जाडीसुद्धा मला माहितीये.

अर्जुन माझा मित्र. इथेच जन्मलेला. त्याचं मराठी म्हणजे "परी, ती रायफल बघ ना, किती मस्त आला आहे." मी दुरुस्त करत नाही. तो माझ्या "काहून बे"ला हसतो, मी त्याच्या रायफल आला-गेलाला हसतो, हिशोब बरोबर.

आम्ही भेटलो रायफल क्लबात. त्याचा खेळ बेंचरेस्ट. टेबलावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर रायफल, शंभर यार्डांवर कागद, आणि पाच गोळ्या एकाच भोकात घालायच्या. बघायला जगातला सगळ्यात बोअर खेळ. मला बघताक्षणी वेड लागलं. माझं अजून प्रोबेशन चालू होतं. क्लबचे पूर्ण मेंबर झाल्याशिवाय स्वतःच्या रायफलचं सर्टिफिकेट, म्हणजे परवाना, मागता येत नाही, आणि जे घडलं त्या दिवशी माझे थोडेच आठवडे उरले होते. त्यामुळे तोपर्यंत माझं सगळं प्रेम अर्जुनच्या रायफलवर.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. अर्जुनचा डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे. त्याने त्याला उजेड-अंधार कळतो, चेहरा कळत नाही. वाचणं, गाडी चालवणं, नेम धरणं, सगळं उजव्या डोळ्याचं. आणि नेम धरताना तो चष्मा काढतो, रायफलवरच्या दुर्बिणीला, स्कोपला, लागतो म्हणून. शंभर वेळा सांगितलं. ऐकत नाही.

तर, त्याला नवीन बॅरल घ्यायचं होतं. चेंबरसाठी नवा रीमर मागवायचा होता अमेरिकेतून. रीमर म्हणजे ज्या हत्याराने गनस्मिथ, बंदुकीचा कारागीर, बॅरलच्या मागच्या टोकात काडतूस बसायची जागा कोरतो ते. रीमर जसा, तसं चेंबर. एकदा कोरलं की कोरलं.

त्यात सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे नेक. काडतुसाची मान, जिथे गोळी धरून ठेवलेली असते. बार उडाला की मान किंचित फुगते आणि गोळी सोडते. फुगायला जागा हवी. फार जागा ठेवली तर गोळी वाकडी निघते. जागाच नसेल तर मान गोळी सोडत नाही, आतलं प्रेशर चढतं, आणि गॅस वाट शोधत मागे येतो. मागे कोण असतं? नेमबाज. गालाला स्टॉक, म्हणजे रायफलचा दस्ता, लावून, डोळा उघडा ठेवून.

त्याच्या गॅरेजमध्ये बसून ठरवलं आम्ही.

"सगळे टू-सिक्स्टी-टू घेतात," अर्जुन म्हणाला. म्हणजे शून्य पॉइंट दोनशे बासष्ट इंच. "चॅम्पियन लोक सगळे."

"चॅम्पियन लोक एकेक नेक मन लावून तासतात. तू काय करतोस?"

"मी पण तासतो."

"तू आर्सेनलची मॅच बघत तासतोस."

"ओन्ली हाफटाइममध्ये."

मी त्याने तासलेली काडतुसं ओळीने मोजून दाखवली. एक जाड, एक पातळ, एक एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ. टू-सिक्स्टी-टूला भिंत इतकी पातळ तासावी लागते की चुकायला जागा राहत नाही. मी म्हटलं, टू-सिक्स्टी-फाइव्ह घे. तीन थाऊ जास्त. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, केसाहूनही बारीक. नेक थोडी जाड राहील, जास्त टिकेल, आणि एखादं काडतूस चुकलं तरी तुझ्या तोंडावर येणार नाही.

"पण ॲक्युरसी?"

"अबे, रीमर चॅम्पियनकडे बघून नाही घेत. ज्याच्या हातात रायफल आहे त्याच्याकडे बघून घेतात."

त्याला पटलं. खरंच पटलं. मी डोळ्यांनी पाहिलंय पटताना.

मग आला रविवार आणि शशिधर काका.

शशिधर काका म्हणजे अर्जुनच्या वडिलांचे धाकटे भाऊ. हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, मोठे कन्सल्टंट. अर्जुनला पंधराव्या वर्षी रेंजवर त्यांनीच नेलं, पहिली रायफल त्यांचीच, गनस्मिथही त्यांच्याच ओळखीचा. त्या घरात काकांचा शब्द म्हणजे शब्द. सुप्रभा काकूंनी जेवायला बोलावलं होतं, साबुदाणा वडे केले होते. मी दुसरा वडा उचलला आणि काकांनी सुरुवात केली.

"अर्जुन सांगत होता तू त्याला टू-सिक्स्टी-फाइव्ह घ्यायला सांगितलंस. कुठे शिकलास तू हे?"

"नेटवर, काका."

"नेटवर." त्यांनी काकूंकडे बघितलं. "ऐकलंस? आमच्या वेळी लोक गुरू करायचे. आता मोडेम करतात."

"अहो, जेवू दे त्याला," काकू म्हणाल्या.

"जेवू दे ना, मी कुठे ताट ओढतोय? फक्त विचारतोय. बाबा रे, जगात जिंकणारा प्रत्येक माणूस टू-सिक्स्टी-टू वापरतो, आणि तू, ज्याच्याकडे अजून सर्टिफिकेटसुद्धा नाही, तू सांगणार की ते सगळे चुकले?"

"ते नाही चुकले. ते अर्जुन नाहीत, एवढंच."

"तीन थाऊ! तीन थाऊनी काय आभाळ कोसळणार आहे?"

मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. "काका, तुम्ही भूल देताना डोस कोणाच्या वजनावरून ठरवता? समोरच्या पेशंटच्या, की ऑलिम्पिकवाल्याच्या?"

काकूंना ठसका लागला. हसू होतं ते, पण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे ओढला. काकांचे कान लाल झाले.

"आगाऊ आहे मुलगा," ते म्हणाले. मला नाही. अर्जुनला. मी तिथे नाहीच असं.

आणि अर्जुन? अर्जुन वड्याचे तुकडे करत होता. इतके बारीक की चिमणीला घालावेत.

स्टेशनपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "टू-सिक्स्टी-फाइव्ह फायनल. काकाला मी सांगतो. चिल."

मी चिल केलं. मी मूर्ख.

रीमर यायला महिने गेले. तेवढ्या काळात मी त्याची सगळी काडतुसं तासली. सगळी. मॅच न बघता. प्रत्येक नेक मोजली. गोळी बसवल्यावर बाहेरून टू-सिक्स्टी-थ्री भरेल अशी, म्हणजे टू-सिक्स्टी-फाइव्हच्या चेंबरमध्ये फुगायला दोन थाऊ जागा. बोटांची सालं निघाली. दारू आणि गोळ्या अर्जुनने भरल्या, सर्टिफिकेट त्याचं.

बॅरल आलं ते थेट बेंचरेस्टच्या मॅचच्या सकाळी. काका गनस्मिथकडून बसवून घेऊन सरेमधल्या रेंजवर आले. बॅरलवर नेकचं माप कोरायची पद्धत आहे, पण या गनस्मिथने खालच्या बाजूला कोरलं होतं, स्टॉकमध्ये झाकलं जाईल असं. मी विचारलंसुद्धा, "काका, सगळं रीमरच्या ड्रॉइंगप्रमाणे ना?"

"अगदी ड्रॉइंगप्रमाणे," काका म्हणाले.

खोटं नव्हतं ते, बरं का. ड्रॉइंगच बदललं होतं.

लाइनवर, म्हणजे नेमबाज बसतात त्या रांगेत, बारा-तेरा बेंच. प्रत्येकाजवळ थर्मॉस, वाऱ्याच्या झेंड्या, म्हाताऱ्यांच्या घडीच्या खुर्च्या. रेंज ऑफिसर होती मार्गारेट, रिटायर्ड शाळामास्तरीण, आवाज अजून शाळेतलाच. मी अर्जुनच्या शेजारी मदतनीस म्हणून, काका मागे हात बांधून. मार्गारेटने परवानगी दिली. अर्जुनने चष्मा काढून खिशात ठेवला, काडतूस टाकलं, ते आत लोटून मागून बंद करणारा बोल्ट पुढे ढकलला.

बोल्ट बसेना.

अर्ध्यात अडला. त्याने मागे घेतला, परत ढकलला. परत अडला.

"टाइट आहे," अर्जुन म्हणाला.

"नवीन बॅरल आहे," मागून काका. "जोर लाव. बसेल."

नवीन बॅरल असं करत नाही. बेंचरेस्टचा बोल्ट दोन बोटांनी बसतो. मी वाकून बघितलं. अर्जुनने तळहात लावला होता हँडलला, दार ढकलतात तसा. हँडल हळूहळू खाली जायला लागलं. खाली जायला लागलं म्हणजे काडतूस आत घुसत होतं. पाचर मारल्यासारखं.

"अरे थांब!" मी ओरडलो. "थांब, थांब!"

आता बघा. त्या लाइनवर एक नियम आहे. काहीही धोकादायक दिसलं तर कोणीही, अगदी पहिल्या दिवशी आलेला पाहुणासुद्धा, "स्टॉप" ओरडू शकतो. ओरडला की सगळे थांबतात, बोटं ट्रिगरवरून निघतात. प्रोबेशनवाल्यांना पहिल्या तासाला हेच शिकवतात. आणि मी काय ओरडलो? थांब. अख्ख्या लाइनवर तो शब्द दोघांना कळत होता, एकाला थांबायचं नव्हतं आणि दुसऱ्याला ठरवता येत नव्हतं.

अर्जुनने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "घाबरतोस काय? लाव." आणि त्याने हँडल पूर्ण खाली दाबलं, गाल स्टॉकला लावला. बोट ट्रिगरकडे निघालं.

मी हात घातला. सरळ. त्याचं मनगट धरून बाजूला केलं, बोल्टचं हँडल वर मारलं आणि बोल्ट मागे खेचला. दुसऱ्याच्या भरलेल्या रायफलीला, लाइनवर, प्रोबेशनवर असताना.

तेव्हा मार्गारेट ओरडली. "स्टॉप!" सगळी लाइन थांबली.

काडतूस बाहेर आलं होतं. नेकवर सबंध गोल चकचकीत कडं, पितळ घासलेलं. मी खिशातून मायक्रोमीटर काढला. टू-सिक्स्टी-थ्री. मी तासली होती तशीच. मग घासली कशाला?

मी अर्जुनकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक.

"परी," तो अगदी हळू म्हणाला, "ते चेंबर... टू-सिक्स्टी-टू आहे."

"काय?"

"काकाने फोन केला होता. गनस्मिथला. रीमर ऑर्डर करायच्या आधी."

"आणि तुला माहीत होतं?"

"मला वाटला की... फिट होईल. थोडासाच फरक. मी मॅचनंतर तुला सांगणार होतो."

टू-सिक्स्टी-टूच्या भोकात टू-सिक्स्टी-थ्रीची मान. फुगायला जागा शून्याहून कमी. आणि चष्मा खिशात.

"इथे तमाशा नको," काका मराठीत म्हणाले, ओठ न हलवता. "घरी बोलू."

"घरी? अहो काका, याचा डोळा गेला असता! एकच आहे त्याला! डॉक्टर आहात ना तुम्ही? काहून बदललं? मला विचारायचं नव्हतं तर निदान काडतुसं तरी परत तासून घ्यायची होती!"

"आवाज खाली."

"नाही होत खाली!"

मार्गारेट आली होती. कमरेवर हात. "What is he saying?" तिने काकांना विचारलं. मला नाही. तिला मी ओरडणारा पोरगा दिसत होतो आणि काका ब्लेझरमधले डॉक्टर.

काका हसले. त्यांनी सांगितलं, याला वाऱ्याचं टेन्शन आलंय. पोरगा तरुण आहे, फार एक्साइट होतो. सॉरी.

वाऱ्याचं!

मी अर्जुनकडे बघितलं. एक वाक्य. दोन्ही भाषा येतात त्याला, माझ्यापेक्षा इंग्रजी शंभरपट चांगलं. एक वाक्य बोलायचं होतं. तो वाळूच्या पिशवीची शिवण बघत होता. मी स्वतः इंग्रजीत सांगायला गेलो, तर रागात शब्दच सापडेनात. रोज आठ तास बोलतो मी इंग्रजी! चेंबर, नेक, ही लाईड, असलं काहीतरी बरळलो. मार्गारेटने हात वर केला.

"Off the line, please. Now."

गेलो.

कार पार्कमध्ये काकांच्या गाडीला लाथ मारावीशी वाटली. नाही मारली. शेजारच्या कचऱ्याच्या डब्याला मारली, अंगठा अजून दुखतोय. मला ट्रेन गाठायची होती आणि स्टेशन दूर होतं, आणि तिथून हलायलाही होत नव्हतं. आपली भाषा म्हणजे आपलं माणूस, असं इथे आल्यापासून कितीदा ऐकलंय, मंडळाच्या कार्यक्रमात तर भाषणंच असतात. आणि आज त्याच भाषेत माझ्या तोंडावर दार लावलं, मार्गारेटला कळू नये म्हणून. मी पण त्याच भाषेत ओरडलो. काय राग यावा आणि कोणाचा यावा!

अर्जुन आला. रायफल बॅगेत घातलेली.

"मी विथड्रॉ केला," तो म्हणाला.

"सांगितलंस तिला?"

"मी बोललो की रायफलचा प्रॉब्लेम आहे."

"रायफलचा! रायफलने फोन केला होता का गनस्मिथला?"

"परी, तू समजून घे ना. तो काका आहे. बाबा नाईट शिफ्ट करायचा तेव्हा मला त्याने मोठा केला. मी त्याला सगळ्यांसमोर कसं..."

"मग मला कसं? मला सगळ्यांसमोर लाइनवरून हाकललं, ते चालतं? मी तुझी काडतुसं तासली. बोटं बघ. बघ! आणि तू तिथे बसून ट्रिगरकडे बोट नेलंस. तुला माहीत होतं चेंबर काय आहे, बोल्ट बसत नव्हता, मी ओरडत होतो, आणि तू काकांकडे बघितलंस. परवानगी घ्यायला! स्वतःचा डोळा फोडायची परवानगी!"

"मला नाही कळला की इतका डेंजरस आहे."

"मला कळत होतं ना! म्हणून तर मला विचारलं होतंस!"

त्याचं नाक लाल झालं होतं. थंडीने की कशाने, माहीत नाही. मग बॅग माझ्याकडे पुढे केली, लगेच मागे घेतली. मला सर्टिफिकेट नाही, मी ती धरूनही उभा राहू शकत नाही. इतक्या रागातसुद्धा आम्ही दोघं हसलो. अर्धा सेकंद. मला त्या हसण्याचाही राग आला.

"थांब इथेच," तो म्हणाला. "स्टॉपवाला थांब." आणि क्लबहाउसकडे गेला.

खिडकीतून दिसत होतं. मार्गारेट किटलीपाशी, काका खुर्चीत. अर्जुन बसला नाही. उभ्यानेच बोलत होता, हाताने बोल्ट दाखवत होता, मग बोटाने स्वतःचा उजवा डोळा. काका उठले, काहीतरी म्हणाले. अर्जुन थांबला नाही. त्याने काकांकडे बघितलंसुद्धा नाही, किंवा बघायची हिंमत नव्हती. मला त्याने फरक पडत नाही. बोलला.

मार्गारेट माझ्याकडे चालत आली. हातात दोन मग, एक मला. आता माझं इंग्रजी परत आलं होतं, पण तिनेच बोलायला सुरुवात केली. म्हणाली, तू बरोबर होतास. तरीही दुसऱ्याच्या भरलेल्या रायफलीला हात लावणं म्हणजे हात लावणं. तुझं प्रोबेशन पहिल्यापासून. डॉक्टरांचं काय करायचं ते कमिटी बघेल. "The word is Stop. It's a perfectly good word."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तेच तर चीड आणणारं आहे. सगळ्या दिवसात एकच माणूस सरळ वागला आणि शिक्षा त्याच माणसाने दिली.

काकांनी निघताना गाडी माझ्यापाशी थांबवली. मला वाटलं माफी मागतील. म्हणाले, "तुझ्यामुळे पोराने आज मला मान खाली घालायला लावली." काच वर केली आणि गेले. अर्जुनला न घेता.

मग अर्जुन आणि मी स्टेशनपर्यंत मार्गारेटच्या गाडीतून, ट्रेनमध्ये समोरासमोर, रायफल त्याच्या पायांत. वॉटर्लूला गाडी बदलली. पुढे हॅरोच्या ट्रेनमध्ये तो म्हणाला, "आता चेंबर तर टू-सिक्स्टी-टूच आहे. काडतुसं परत तासावी लागणार. तू... करशील?"

"नाही."

"ओके."

"तू तासशील. टीव्ही बंद करून. मी समोर बसून प्रत्येक नेक मोजणार. एक जरी जाड निघाली तर माझ्या हाताने फेकून देईन, रडलास तरी."

"ओके."

"आणि चष्मा घालायचा."

"स्कोपला लागतो."

"अर्जुन."

"ओके, ओके. घालतो."

माझा राग गेलेला नाही. आज लिहितानाही की-बोर्ड बडवतोय, खालून लँडलॉर्डने एकदा छत ठोकलं. काकांना मी माफ केलेलं नाही आणि अर्जुनला अर्धंच केलंय, ते त्याला माहितीये. त्याने हॅरोला उतरताना विचारलं, "आणि परत बोल्ट अडकला तर? तुझा प्रोबेशन परत चालू झाला. आता हात लावलास तर कायमचा काढतील."

मी त्याला सांगितलं, आधी स्टॉप ओरडेन, इंग्रजीत, मार्गारेटला पसंत पडेल असं. आणि तरी तू कोणाकडे बघत बसलास, तर परत हात घालीन. काढू देत कायमचा. शब्द देतो.